भिंतीवरचे आजोबा

आजोबांचे जुने छायाचित्र पाहताना वयस्क माणसाला स्वतःचे तारुण्यही आठवू लागते, याच्याशी जवळचे नाते असलेली एक संज्ञा मानसशास्त्रात आहे, ती म्हणजे ‘स्मृती-उभार’. चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तीला साधारणपणे 10 ते 30 या वयातील प्रसंग इतर काळातल्यांपेक्षा अधिक संख्येने आठवतात, असा तिचा अर्थ आहे. अशा आठवणी जागवणारे छायाचित्रण आपल्याकडे तसे लवकरच आले: मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्येच स्थापन झाली आणि समाजसुधारक भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. सामान्य घरांत मात्र छायाचित्र पोहोचले ते पुढे स्टुडिओंमुळे, जिथे रंगवलेल्या पडद्यापुढे आजोबा टोपी सारखी करून खुर्चीत बसत आणि नऊवारीतली आजी शेजारी उभी राहत असे. त्यांच्या मुद्रेवरचा करारीपणा पुष्कळदा स्वभावाचा नसून, हलू नका या सूचनेचा असे! तपकिरी छटा, म्हणजे सेपिया, हीदेखील नेहमी जुनेपणाचीच खूण नसते, कारण कागदावरील चांदीचे अधिक टिकाऊ अशा सिल्व्हर सल्फाइडमध्ये रूपांतर करण्याची प्रक्रिया अनेकदा मुद्दाम केली जाई. चित्र टिकले तरी त्यातली नावे टिकत नाहीत, म्हणून घरातील वडीलधारी मंडळी असेपर्यंतच ती विचारून मागील बाजूस मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवणे इष्ट ठरते.