पाणी कोणाच्या हातचे?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय दिला तो ख्रिस्ती श्रद्धा आणि सेवा, संसार, समाज हा. विषय मोठा, उन्हाळ्याची संध्याकाळ लहान, आणि बोलणारा माणूस शाळामास्तर, म्हणजे तास वाजेपर्यंत थांबायचे नाही ही सवय. समोर बसलेल्यांपैकी काहींच्या मनात असेल की आता प्रवचन ऐकावे लागणार. आमच्या मंडळीतली जी चार-दोन कुटुंबे मागच्या रांगांत बसली आहेत त्यांना वाटत असेल की मास्तर आज आपली पाठ थोपटणार. दोघांचीही थोडी निराशा होईल असे दिसते.

आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. त्याचे नाव आता अहिल्यानगर झाले. आमच्या तोंडातून मात्र जुन्या सवयीने नगरच निघते, त्याबद्दल क्षमा असावी. ज्या मुलखात पाऊस लहरी आणि विहीर नशिबाची, तिथे माणसाची पारख पाण्यावर होते. पाणी कोणी काढायचे, कोणी ओंजळ धरायची आणि कोणी दूर उभे राहून कोणी वाढील याची वाट पाहायची, यात आपल्या गावगाड्याचे सारे शास्त्र भरलेले होते. म्हणून ख्रिस्ती श्रद्धा इथे कशी जगली गेली हे पाहायचे तर देवळाच्या घंटेपेक्षा घरातला माठ आणि गावातला आड पाहणे बरे, असे आम्हांस वाटते.

शुभवर्तमानातली एक गोष्ट मात्र आधी सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्याशी बांधलेले आहे. भर दुपारी थकलेला येशू शोमरोनातल्या एका विहिरीवर बसला, आणि पाणी भरायला आलेल्या बाईजवळ त्याने प्यायला पाणी मागितले. बाई चकित झाली. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात भांड्याचा व्यवहार नव्हता. पुढे त्या दोघांचे पुष्कळ बोलणे झाले आणि त्यावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले. पण नगरच्या माणसाला त्यातले ते पहिले मागणेच पुरे आहे. देण्याआधी त्याने मागितले. सेवा करणारा माणूस बहुधा वरून देतो. ज्याच्या हातचे पाणी समाज पीत नाही त्याच्यापुढे ओंजळ धरणे हे जास्त अवघड.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरास आले, आणि १८३३ साली इथे पहिली मंडळी स्थापन झाली. त्या इतिहासातले पुष्कळ आपणांस ठाऊक आहे. 'ज्ञानोदय' १८४२ साली याच गावी निघाला. सिंथिया फॅरार ही अविवाहित बाई १८३९ साली मुंबईहून इथे आली, मुलींच्या शाळा चालवीत राहिली आणि १८६२ साली इथेच वारली. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली आणि सावित्रीबाईंनी तिच्यापाशी अध्यापनाचे शिक्षण घेतले, ही गोष्ट नगरने जितक्या अभिमानाने सांगावी तितकी सांगितलेली नाही. हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक हे ब्राह्मण घरांतले गृहस्थ १८५४ साली पाळक झाले, आणि महारवाड्यातून आलेल्या माणसाबरोबर ते प्रभुभोजनाची एकच भाकर मोडू लागले. त्या काळी नगरच्या पेठांत याने काय खळबळ उडाली असेल, याची आपण कल्पनाच करावी.

'भाकरीसाठी बाटलेले' हा टोमणा आमच्या आजोबांच्या पिढीने खूप ऐकला. १८७६ ते ७८ चा आणि १८९९-१९०० चा, असे दोन मोठे दुष्काळ या जिल्ह्याने सोसले. त्यांत मिशनने कामे काढली, अन्न दिले, पोरकी मुले सांभाळली. रॉबर्ट ह्यूम यांचे नाव त्यात पुढे येते. आणि त्या दिवसांत जे ख्रिस्ती झाले त्यांत काही भुकेने आले, हे नाकारण्यात काय हशील? भुकेल्या माणसाला ज्याने भाकर दिली त्याचा देव त्याला खरा वाटला, यात आम्हांस लाजेसारखे काही दिसत नाही. लाज वाटायची तर ज्यांच्या कणग्या भरलेल्या होत्या आणि दारे बंद होती त्यांना वाटावी. असो.

आता माठाकडे वळू. कोकणातल्या करजगावी जन्मलेले नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस ख्रिस्ती झाले. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरची. तिच्या वडिलांच्या सोवळ्याची कथा तिने 'स्मृतिचित्रां'त सांगितली आहे. बाजारातून आणलेला जिन्नस धुतल्याशिवाय त्या घरात येत नसे. अशा घरातली मुलगी, आणि नवरा बाटलेला! चार-साडेचार वर्षे ती त्याच्यापासून दूर राहिली. पुढे आली ती आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवून. एकाच संसारात दोन चुली. आपण कल्पना करावी, की टिळकांसारखा तापट माणूस आणि समोर दोन चुली!

आणि मग तिच्या मनाने आपणच एक दिवस गणित सोडवले. पशुपक्ष्यांच्या जाती देवाने केल्या; माणसाच्या जाती देवाने केलेल्या नव्हेत, त्या माणसानेच उभ्या केल्या, असे तिच्या ध्यानात आले आणि तिने सांगून टाकले की यापुढे आपण कोणाच्याही हातचे खाऊपिऊ. ही गोष्ट तिच्या बाप्तिस्म्याच्या आधीची आहे, हे आम्ही मुद्दाम सांगत आहो. १९०० साली राहुरीस तिचा बाप्तिस्मा झाला, पण विटाळ त्याआधीच गेला होता. आमच्यापैकी पुष्कळांच्या घरी क्रम उलटा झाला. बाप्तिस्मा आधी झाला, आणि विटाळ अजून जायचा आहे. त्याकडे शेवटी येऊ.

लक्ष्मीबाईंच्या घरात पुढे कोण कोण जेवले याची यादी करणे कठीण. दुष्काळातली पोरकी मुले जेवली, वाट चुकलेले विद्यार्थी जेवले, कवी जेवले. बालकवी ठोमरे या घरात मुलासारखे राहिले आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिले. त्यांना त्या घराने निराळे ताट मांडले नाही. घरात पैसा टिकत नसे, कारण टिळक तो वाटून टाकीत, आणि मग चूल कशी पेटवायची ही चिंता बाईच्या वाट्याला येई. त्यागाची शोभा पुरुषाची आणि उधारी बायकोची, हे आपल्याकडच्या पुष्कळ थोर चरित्रांत घडते. लक्ष्मीबाईंनी ते हसत लिहिले, हा त्यांचा मोठेपणा. पण हसण्यामागचा हिशेब वाचणाराने चुकवू नये.

संसाराकडून समाजाकडे जाताना आपण शहर सोडून जामखेडला जाऊ. रजनीकांत आरोळे हे सुप्याचे. १९३४ चा जन्म. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात ते आणि मेबल एकत्र शिकले, लग्न झाले, आणि नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात दोघांनी काम केले. तिथे त्यांना एक गोष्ट खुपू लागली. आज बरे करून पाठवलेले मूल सहा महिन्यांनी त्याच दुखण्याने परत येई. कारण घरचे पाणी तेच, उपासमार तीच. दवाखान्याची खाट वाढवून हे थांबणारे नव्हते. दोघे अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र शिकले. तिथेच राहिले असते तर कोणी दोष दिला नसता. १९७० साली ते जामखेडला आले आणि गुरांच्या जुन्या दवाखान्यात त्यांनी आपले बिऱ्हाड मांडले.

पुढचा इतिहास जगभर लिहिला गेला आहे. गावाने निवडलेली एकेक बाई, बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित वस्तीतली, जामखेडला येऊन बाळंतपण, अतिसार, आहार, लसी यांचे शिक्षण घेऊन परत जाई आणि आपल्या गावची आरोग्यसेविका होई. आकडा एकच सांगतो. त्या टापूत १९७१ साली जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. १९९६ साली हा आकडा २६ वर आला होता. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या बायकांपैकी एक, मुक्ताबाई पोळ, १९८८ साली वॉशिंग्टनला आरोग्याच्या परिषदेत बोलल्या. झुंबर आणि पणती यांची तुलना करून त्यांनी सांगितले, की डॉक्टर झुंबरासारखा, देखणा, महाग आणि एकाच जागी टांगलेला. आपण पणतीसारख्या, एका पणतीवर दुसरी लावता येते. ही बाई शाळेत गेली असती तर आमच्यासारख्या मास्तरांनी तिचे हे बोलणे बिघडवले असते, अशी आम्हांस शंका येते.

पण आम्हांस त्याहून मोठी वाटते ती हातपंपाची गोष्ट. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास विंधनविहिरी घ्यायच्या होत्या. पाणी लागेल अशी जागा दलित वस्तीत शोधून पंप तिथेच बसवावयाचे, असे आरोळ्यांनी केले. कोणाला उपदेश केला नाही. कडक उन्हात घागर घेऊन वरच्या आळीतली बाई खालच्या वस्तीत आली, कारण पाणी तिथे होते. काही दिवस कुरबूर झाली असेल; तहान कुरबुरीपेक्षा मोठी निघाली. शिक्षणाला आलेल्या आरोग्यसेविकाही आरंभी एका पंगतीस बसायला कचरत; पुढे एकत्र रांधून एकत्र जेवू लागल्या. शोमरोनातल्या विहिरीवरचे ते मागणे आपल्या जिल्ह्यात आम्हांस इतके स्पष्ट दुसरीकडे ऐकू आलेले नाही. जामखेडला उपचारासाठी कोणाला नाव बदलावे लागले नाही. मेबलबाई १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली गेले. मुलांनी काम पुढे चालवले आहे. म्हणजे पुन्हा संसारच आला.

दोन उल्लेख घाईने करतो, त्यांच्यावर अन्याय होतो आहे हे जाणून. फादर हर्मन बाखर हे स्विस येशूसंघी १९४८ साली हिंदुस्थानात आले आणि या जिल्ह्याचेच होऊन गेले. डोंगरमाथ्यापासून खाली पाणी अडवीत यायचे, आणि गावाने श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळायची, या पाणलोटाच्या कामात त्यांनी आयुष्य घातले. २०२१ साली ते वारले. दुसरा उल्लेख आपल्या बूथ हॉस्पिटलचा. मूळचा हा मिशनचा दवाखाना १९३९ साली मुक्तिफौजेकडे गेला. २०२० साली करोनाच्या साथीत जेव्हा सख्खा भाऊ भावाच्या जवळ जायला भीत होता, तेव्हा त्या दवाखान्याची दारे उघडी होती. हे आपणांस आम्ही सांगावे असे नाही. या सभेतही तिथून बरे होऊन घरी आलेले लोक असतील.

इथवर सारे आमच्या बाजूचे झाले. आता मागच्या रांगांकडे पाहून थोडे बोलले पाहिजे.

खेड्यातला ख्रिस्ती माणूस पुष्कळ ठिकाणी अजून गावाच्या त्याच टोकाला राहतो जिथे त्याचा पणजोबा राहत होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे कायदा त्याला सांगतो की तू आता दलित नाहीस, आणि गाव सांगते की तू तोच आहेस. हा अन्यायच आहे, आणि तो आम्ही उघड म्हणतो. पण सरकारपुढे अर्ज लिहिताना आमची लेखणी जितकी चालते तितकी स्वतःच्या घरात चालत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या पुतणीला एक स्थळ सांगून आले. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, नोकरीत कायम. मंडळीही तीच, गीतांचे पुस्तकही तेच; दोन्ही घरे दर रविवारी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसत. चहा झाला. मग आमच्या थोरल्या बंधूंनी आवाज खाली करून विचारले, "मंडळी मूळची कोणती?" मूळची! चार पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घराला हा प्रश्न. ज्यांनी विचारला ते स्वतः मंडळीचे वडील. त्या घरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी उत्तर दिले. महारांतून आलेले आम्ही आणि मांगांतून आलेले ते, एवढाच काय तो फरक निघाला. स्थळ तिथेच मोडले. आणि आम्ही, जे अशा सभांतून बोलतो, त्या दिवशी कपातल्या सायीकडे पाहत बसलो होतो. एक शब्द बोललो नाही.

पाहुणे गेल्यावर आमच्या घरातून एवढेच म्हणणे झाले, "अहो, मग त्या लक्ष्मीबाई कपाटात कशाला ठेवल्यात?"

त्याला उत्तर नव्हते; आजही आमच्यापाशी नाही. मुलगी मात्र आमच्यापेक्षा धीट निघाली. दोन वर्षे थांबून तिने त्याच मुलाशी लग्न ठरवले, आणि काकांना पत्रिका पोस्टाने आली. थोरले बंधू गेले नाहीत. आम्ही दोघे गेलो. मे महिना होता, मांडवात ऊन उतरले होते. पहिल्या पंगतीस आम्हांस आग्रहाने बसवले, आणि पाण्याचा जग घेऊन तेच म्हातारे गृहस्थ ओळीने येत होते. आमच्यापाशी येऊन थांबले. ओळखले त्यांनी. काही बोलले नाहीत. "पाणी घ्या, मास्तर" एवढेच म्हणाले. आम्ही पेला पुढे केला.

थोरल्या बंधूंनी अजून त्या घरी पाऊल टाकलेले नाही. पुतणीला मुलगी झाली आहे. येत्या महिन्यात तिचा बाप्तिस्मा आहे, आणि पत्रिका पुन्हा पोस्टाने गेली आहे. अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले, ते आमच्या ध्यानात आले आहे.