अन्नदात्याच्या दारी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाने यंदा कोल्हापूर जिल्ह्यात जी अन्नयात्रा काढली, तिचा वृत्तान्त आपणांपुढे सादर करण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. तीर्थयात्रा आपल्या समाजास नव्या नाहीत. परंतु ज्याच्या कष्टांवर आपले ताट वाढले जाते, त्याच्या दारी जाऊन ते कष्ट डोळ्यांनी पाहण्याचा योग शहरवासी कुटुंबांस क्वचितच येतो.

प्रथम आम्ही गुऱ्हाळ पाहिले. कोल्हापूर आणि गूळ यांचे नाते जुने आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली आणि पुढे राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. पेठ आणि पाणी या दोहोंच्या बळावर या भागातील गूळ देशभर गेला. 2014 साली त्यास भौगोलिक मानांकनही लाभले. एक टन उसापासून सुमारे 100 ते 120 किलो गूळ निघतो. रस काहिलीत उकळत असता रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात व ती काढून टाकतात. चुलवाणात जळण म्हणून त्याच उसाची वाळलेली चिपाडे घालतात; लाकूड लागत नाही, कोळसा लागत नाही. पाक तयार झाला की नाही, हे गुळव्या थंड पाण्यात थेंब टाकून, त्याची गोळी बोटांत चेपून ठरवितो. ही विद्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आम्हांस आढळली नाही. ती वर्षानुवर्षे काहिलीपाशी उभे राहूनच येते.

तेथे एक गोष्ट आपल्या भगिनींनी विशेष ध्यानात घेतली. शुद्ध गुळाचा रंग तपकिरी असतो. पिवळाधमक गूळ दिसावयास सुरेख. परंतु तो रंग आणण्यासाठी पुष्कळदा रसायनाचा आधार घेतला जातो. गिऱ्हाईक पिवळाच गूळ मागते, म्हणून उत्पादकास तो करावा लागतो. यास्तव या दोषाचा काही वाटा आपल्या पिशवीकडेही येतो, असे म्हणणे भाग आहे.

तेथून आम्ही आजऱ्यास गेलो. आजरा घनसाळ हा सुवासिक तांदूळ. त्यास 2016 साली मानांकन मिळाले. भाताचे हे रोप उंच वाढते, वाऱ्यापावसात आडवे होते, आणि संकरित वाणांच्या तुलनेने त्याचे उत्पन्न कमी येते. तरीही काही घरांनी हे बियाणे पिढ्यान् पिढ्या राखले. चांगला दर न मिळाल्यास ते किती काळ राखतील? वाण नामशेष झाले, तर मानांकनाचा कागद शिजवून खाता येणार नाही. तीच गत गुळाची. साखर कारखान्यास घातलेल्या उसाला 2009 पासून एफआरपी नावाचा किमान दर कायद्याने ठरतो. गुळाला तसा हमीचा आधार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः उभे आहोत, ती सांगतो. ज्या गुऱ्हाळावर आपण सर्वांनी ताजा गूळ चाखला, त्याचा चालक आपल्याच ज्ञातीतील तरुण आहे. कृषिशास्त्राचा पदवीधर, निर्व्यसनी, स्वतःची जमीन कसणारा. त्याचे नाव आपल्या वधूवर सूचीत तीन वर्षे छापले जात आहे आणि तीन वर्षे एकाही घरातून विचारणा आलेली नाही. हे एकट्या त्याचेच दुर्दैव नव्हे. शहरात बारा हजारांची नोकरी करणाऱ्यास मुलगी मिळते. चार माणसांस काम देणाऱ्या शेतकऱ्यास मिळत नाही. त्याचा गूळ आपणांस गोड लागतो, सोयरीक मात्र कडू वाटते.

मुलींच्या आईबापांस आम्ही दोष देत नाही. शेतीतील अनिश्चितता खरी आहे, आणि कष्टांचा मोठा भार सुनेवर पडतो हेही खरे आहे. मुलीच्या इच्छेविरुद्ध विवाह व्हावा, असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. परंतु जी स्थिती बदलता येईल, ती बदलण्याचा यत्न मंडळाने का करू नये?

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. एक, ही यात्रा दरवर्षी गुळाच्या हंगामात निघावी व तीत विवाहयोग्य मुलामुलींनी अवश्य यावे. दोन, मंडळाच्या समारंभांस लागणारा गूळ व तांदूळ उत्पादकाकडूनच, त्याने सांगितलेल्या दराने, घासाघीस न करता घ्यावा. तीन, वधूवर सूचीत शेतकरी तरुणाच्या नावापुढे नुसते 'शेती' असे न लिहिता त्याचे शिक्षण, पिके, पाण्याची सोय आणि घरात सुनेस मिळणारे स्वातंत्र्य यांची स्पष्ट नोंद असावी. आणि जमिनीच्या उताऱ्यावर तिचे नाव लावण्याची तयारी असल्यास तेही छापावे.

आम्ही आयुष्यभर मुलांस शिकविले की शेतकरी जगाचा पोशिंदा आहे. मुलांनी ते वाक्य पाठ केले आणि गुणही मिळविले. आता त्या वाक्याची परीक्षा वडीलमंडळींनी द्यावयाची आहे. या सूचनांचा आपण विचार करावा, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.