बंद कारखान्याचा पगार कोणी द्यायचा?



लघुउद्योजकांच्या परिषदेत अध्यक्षाने साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा असा आपल्याकडे रिवाज आहे. आज मात्र मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. सरकारच्या हुकमाने कारखाना बंद राहतो, तेव्हा आतल्या माणसाचा पगार कोणी द्यायचा?

2020 साली कोरोनाच्या टाळेबंदीत आपल्याकडे या प्रश्नाला एका आदेशाने उत्तर दिले गेले. 29 मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली फर्मावले की, बंदच्या काळातही मालकांनी ठरल्या तारखेला, कपात न करता पूर्ण पगार द्यावा. त्यामागची कळकळ खरी होती. पण आदेशासोबत पैसा नव्हता. ज्यांच्या गाठीला काही होते त्यांना तो पाळता येत होता. ज्याची मागची बिलेच अडकली होती, त्या दहा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपवाल्याने एप्रिलचा पगार कशातून करायचा, याचे उत्तर त्या कागदावर नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 18 मेपासून आदेश मागे घेतला गेला आणि 12 जूनला न्यायालयाने सांगितले की मालकांवर सक्तीची कारवाई नको, दोन्ही बाजूंनी बोलून मार्ग काढावा. पगाराची गरज एप्रिलमध्ये होती. वाटाघाटीची वाट जूनमध्ये दाखवली गेली.

आपल्या आदेशाच्या नऊच दिवस आधी, 20 मार्चला, ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी वेगळा मार्ग जाहीर केला होता. कामगाराला काढू नका, घरी बसवा. त्याच्या पगाराचे 80 टक्के, महिन्याला अडीच हजार पौंडांपर्यंत, सरकार देईल. 20 एप्रिलला मालकांना मागणी अर्ज भरता येऊ लागले. पुढे हळूहळू मालकाचा वाटा वाढवत नेला आणि 30 सप्टेंबर 2021 ला योजना संपवली. तोवर सुमारे 1 कोटी 17 लाख नोकऱ्यांना तिचा आधार मिळाला होता आणि सुमारे 70 अब्ज पौंड खर्च झाले होते.

ब्रिटन श्रीमंत देश आहे, एवढ्यावर हा विषय मिटवू नये. महिन्याभरात पैसा पोचू शकला, कारण प्रत्येक पगाराच्या वेळी कोणाला किती दिले, हे तिथला मालक करखात्याला आधीच कळवत होता. यादी तयार होती. जर्मनीत तर कमी कामाच्या काळातला भत्ता ही शंभर वर्षांहून जुनी पद्धत आहे. काम घटले की बुडालेल्या निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मूल असेल तर 67 टक्के, विमा निधीतून मिळतात. त्या निधीत मालक आणि कामगार दोघेही चांगल्या दिवसांत वर्गणी भरत असतात. 2019 अखेर तिथल्या रोजगार संस्थेकडे सुमारे 26 अब्ज युरोंची गंगाजळी होती. म्हणूनच एप्रिल 2020 मध्ये साठ लाखांच्या आसपास माणसे त्या भत्त्यावर तगली. पुढे सरकारी तिजोरीलाही हात लावावा लागला, पण पहिला धक्का निधीने सोसला.

आता आपल्याकडचे पाहू. केंद्राने भविष्य निर्वाह निधीचे दोन्ही वाटे, 12 अधिक 12 असे 24 टक्के, स्वतः भरले. आधी तीन महिने आणि पुढे ऑगस्टपर्यंत. अट अशी की, आस्थापनेत शंभरपर्यंत माणसे हवीत आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांचा पगार पंधरा हजारांखाली हवा. सुमारे 39 लाख कामगारांच्या खात्यांत अडीच हजार कोटींहून थोडी अधिक रक्कम जमा झाली. तुम्ही सगळे वेतनपत्रके करणारे आहात, म्हणून हा हिशेब तुमच्यापुढे मांडतो. बारा हजार पगाराच्या माणसासाठी मालकाला एरवी 13,440 रुपये लागतात. योजनेत त्याचे 1,440 वाचले. उरलेले बारा हजार त्यानेच उभे करायचे होते. ज्याला ते उभे करता आले नाहीत, त्याचा पगारही झाला नाही आणि चलनही झाले नाही. म्हणजे जो पगार देऊ शकत होता, त्यालाच मदत झाली. जो देऊ शकत नव्हता, तो तिच्या बाहेर राहिला.

पुढची आत्मनिर्भर भारत रोजगार योजना ऑक्टोबर 2020 पासूनच्या नव्या भरतीसाठी होती, तीत नोकरी गमावलेल्यांची फेरभरतीही आली. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने बेकारी भत्ता सरासरी पगाराच्या 25 टक्क्यांवरून 50 वर नेला, तोही नोकरी गेलेल्यालाच. तारणाशिवाय तीन लाख कोटींची कर्जयोजना आली, पण न झालेल्या कामाचा पगार कर्ज काढून द्यायचा आणि मग ते चार वर्षांत फेडायचे, हे किती लहान मालकांना पेलणार? अमेरिकेनेही कर्जच दिले होते, मात्र त्यातला मोठा भाग पगारावर खर्च केला की ते माफ होत होते. आपल्या या साऱ्या योजनांत, नोकरी अजून गेलेली नाही पण पगार थांबलाय, अशा माणसाच्या हातात पैसा देणारी एकही नव्हती.

या साऱ्याच्या मुळाशी नोंदीचा प्रश्न आहे. इचलकरंजीच्या किंवा भिवंडीच्या यंत्रमाग शेडमध्ये पाहा. विणकराची मजुरी कापडाच्या मीटरवर ठरते, कांडीवाल्या बाईचा हिशेब वेगळा, आठवड्याचा पगार दिवाणजीच्या वहीत. एकाच शेडमध्ये अनेकदा वेगवेगळ्या नावांच्या फर्म असतात, त्यामुळे भविष्य निधीची वीस माणसांची मर्यादा ओलांडली जात नाही. उद्या सरकारने उदार होऊन पगाराचा वाटा द्यायचे ठरवले, तरी तो या शेडपर्यंत पोचायचा कोणत्या रस्त्याने? कामगाराला वहीबाहेर ठेवून आपण वर्षानुवर्षे पैसे वाचवले. संकटात त्याचे मोल त्या कामगाराने मोजले, आणि मालकानेही, कारण बंद उठला तेव्हा कसबी हात गावी निघून गेले होते.

8 मे 2020 ला करमाडजवळ रुळांवर सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ती माणसे मध्य प्रदेशातल्या आपल्या घरी निघाली होती. हाती पगार असता तर ती थांबली असती, असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण थांबावे असे वाटण्याजोगे कारण त्यांना आपण दिले नव्हते, एवढे निश्चित.

पगारासाठीच्या अशा सरकारी मदतीत गैरव्यवहार होतो, हा आक्षेप खरा आहे. ऑस्ट्रेलियात दर कामगारामागे पंधरवड्याला 1,500 डॉलर दिले गेले, आणि ज्यांची उलाढाल प्रत्यक्षात घटलीच नाही अशा कंपन्यांनाही ते मिळाले. मला न्यूझीलंडचा उपाय पटतो: कोणत्या मालकाने किती अनुदान घेतले, हे कोणालाही शोधता येईल अशी यादी तिथे खुली ठेवली होती. शेजारच्या गाळ्यातल्या माणसाला आकडा दिसतो, तेव्हा खोटी मागणी करायला हात धजावत नाही.

म्हणून परिषदेने सरकारकडे एक नेमका प्रस्ताव न्यावा, असे मी सुचवतो. ले-ऑफच्या काळात निम्मा पगार देण्याची तरतूद 2020 साली औद्योगिक विवाद कायद्यात होतीच, पण ती पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरती होती आणि सारा भार मालकावर होता. आपत्ती कायद्याखाली सरकारनेच बंद पुकारला असेल, तर हा निम्मा पगार राज्य विमा महामंडळाच्या वेगळ्या निधीतून थेट कामगाराच्या खात्यात जावा. पन्नासची अट तिथे लागू नसावी. त्यावर मालकाने आपल्या ऐपतीप्रमाणे भर घालावी. आज मालक 3.25 आणि कामगार 0.75 टक्के वर्गणी भरतो; या निधीसाठी त्यात थोडी वाढ करावी लागली तर आपण उद्योजकांनी ती नाकारू नये. आणि 2021 मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत कामगाराच्या व्यवसायाबरोबर तो सध्या कुठे कामाला आहे, याचाही रकाना यावा. तो रकाना भरायचा तर मालकाला सही करावी लागेल. काहींना ती सही जड जाईल, हे मला ठाऊक आहे. तरीही उद्याच्या खुल्या अधिवेशनात हा ठराव पहिला घ्यावा, आणि तो यंत्रमागधारकांपैकी कोणीतरी मांडावा, अशी विनंती करून मी थांबतो.