खांद्याचं ऑपरेशन आणि डिप्रेशनची गोळी

आजचा प्रश्न: डिप्रेशनच्या गोळ्यांनी खांद्याचं टेंडन लवकर जुळतं का?

बाईकवरून पडल्यावर माझं रोटेटर कफचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मी एस्सिटालोप्राम आधीपासूनच घेत होतो. आई म्हणाली, "आता त्या गोळ्या बंद कर." जिममधला मित्र म्हणाला, "चालू ठेव, हीलिंग फास्ट होतं." दोघांनाही माझी काळजी, पण सल्ले अगदी उलटे!

टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. सर्जन ती हाडाला परत बांधतात, पण बांधली म्हणजे जुळली असं नाही. तिला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून हाडाला पक्की धरायला साधारण तीन महिने लागतात. ताकद यायला सहा महिने किंवा जास्त. हे काम लवकर व्हावं म्हणून कुठल्याही अँटीडिप्रेसंटला मान्यता मिळालेली नाही.

मग उपयोग काहीच नाही का? आहे, पण आडून. खांदा रात्री जास्त ठणकतो. झोप गेली की मूड जातो, आणि मूड गेला की फिजिओथेरपीचा कंटाळा येतो. मन सावरलेलं असेल तर व्यायाम होतो, आणि खांदा मोकळा व्हायला तोच लागतो. ड्युलॉक्सेटिन या अँटीडिप्रेसंटला तर अमेरिकेत २०१० मध्ये हाडं-स्नायूंच्या जुनाट दुखण्यासाठीही मान्यता मिळाली. पण ते दुखणं कमी करतं, टेंडन शिवत नाही.

आता महत्त्वाचं. ऑपरेशननंतर दुखण्यासाठी बऱ्याचदा ट्रामाडोल देतात. ते आणि माझ्यासारखी गोळी एकत्र आली, तर शरीरात सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढू शकतं: थरथर, घाम, धडधड, ताप, गोंधळल्यासारखं होणं. असं झालं तर थेट हॉस्पिटल गाठायचं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसोबत रक्तस्रावाचा धोकाही वाढतो, कारण रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सना सेरोटोनिन लागतं.

आणि गोळी एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके. वर डिप्रेशन परत यायची भीती.

भूलतज्ज्ञांनी विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?" आई शेजारीच होती. खोलीबाहेर काकाही होते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मी गोळीचं नाव आणि डोस स्पष्ट सांगितला. डॉक्टरांनी शांतपणे लिहून घेतलं, माझी गोळी चालू ठेवली आणि ट्रामाडोल टाळलं. बस, एवढंच. आईनेही नंतर गोळीचा विषय काढला नाही. उलट रोज रात्री पाण्याचा ग्लास तीच आणून ठेवायची.

तेव्हा मित्रांनो, टेंडनसाठी ही गोळी स्वतःहून सुरू करू नका आणि लाजेपोटी बंदही करू नका. बीपीची गोळी सांगतो ना, तशीच हीसुद्धा सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!