आपला निरोप, आपलेच यंत्र
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्षावासाचं प्रवचन असो, रक्ताची गरज असो की कुणाच्या अंत्ययात्रेची वेळ, आज वस्तीतला प्रत्येक निरोप व्हॉट्सॲपवर जातो. मजकूर कुलूपबंद असतो, कंपनीला वाचता येत नाही, हे खरं. पण खातं बंद करण्याचा अधिकार कंपनीचाच. २०१४ साली ती फेसबुकने विकत घेतली. तेव्हा तुम्हांआम्हांला कोण विचारतो?

१९२० साली 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा भारतभूषण छापखाना उभा केला. आज निरोपाचं यंत्रही स्वतःचं ठेवता येतं. त्याला सर्व्हर म्हणतात, म्हणजे चोवीस तास चालू राहणारा संगणक. त्यावरची प्रणाली फुकट मिळते.

निवड कशाची करायची? पोरं मॅटरमोस्ट, रॉकेट.चॅट अशी नावं सांगतात. चांगली आहेत, पण ती कचेरीच्या कामाची. शिवाय त्यांत निरोप साधारणपणे सर्व्हरवर उघडे असतात. म्हणजे कंपनीच्या जागी आपला सेक्रेटरी वाचत बसायचा!

मॅट्रिक्स आणि एक्सएमपीपी या दोन पद्धती मला पटतात. प्रत्येक विहाराने आपापला सर्व्हर ठेवला, तरी एकमेकांशी बोलता येतं. टपालासारखंच, पोस्ट ऑफिस वेगळं असलं तरी पत्र पोचतं. फ्रान्सच्या सरकारने २०१९ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मॅट्रिक्सवरच व्यवस्था उभारली. पण मॅट्रिक्सच्या नेहमीच्या सर्व्हरला मेमरी जास्त लागते. एक्सएमपीपी १९९९ पासूनचं, हलकं. त्याचा प्रोसडी नावाचा सर्व्हर लहानशा संगणकावरही चालतो. विहाराच्या पेटीतली शिल्लक बघता मी एक्सएमपीपीच म्हणेन. फोनवर 'कॉन्व्हर्सेशन्स' ॲप घ्यावं आणि त्यातलं ओमेमो हे कुलूप चालू ठेवावं.

तरीही कोण कोणाशी बोललं, हे आपल्या सर्व्हरलाही कळतंच. म्हणून चावी एकाच माणसाकडे नको, आणि अध्यक्षांकडे तर नकोच. (अध्यक्षसाहेब, रागावू नका.) दर आठवड्याला सगळ्याची प्रत काढून दुसऱ्या जागी ठेवावी लागेल. नावाचं वार्षिक भाडं आणि विजेचं बिल कमिटीने भरायचं.

पहिले सहा महिने फक्त कमिटी आणि अभ्यासिकेची मुलं यावर येतील. आजीबाईंचं व्हॉट्सॲप कुणी काढून घेत नाही. शिकून चावी सांभाळायला तयार असलेल्या दोघांनी, त्यात एक तरी मुलगी हवी, खीरदानानंतर माझ्याकडे नाव द्यावं.

जयभीम.