लठ्ठ मूल आणि कसरतीचा तास



आपल्याकडे घरातले मूल अंगाने भरले, की आजीला बरे वाटते. "खात्यापित्या घरचं आहे हो," असे शेजारीण म्हणते, आणि आई चटकन त्याच्या कानामागे काजळाचे बोट टेकवते. यात नवल नाही. ज्यांनी दुष्काळात पोरांच्या बरगड्या मोजल्या, त्यांना गुबगुबीत मूल म्हणजे सुबत्तेची पावतीच वाटणार. परंतु तेच मूल बारा-चौदा वर्षांचे होते, शाळेचा जिना चढताना त्याला धाप लागते, आणि घरच्या कौतुकाची जागा वर्गातली थट्टा घेते. अशा मुलामुलींना व्यायामाने काय लाभ होतो, आणि तो त्यांच्याकडून कसा करून घ्यावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. मी शाळेत कसरतीचा तास घेत असे. एकदा नववीच्या वर्गाला मैदानाला चार फेऱ्या मारावयास सांगितल्या. एक स्थूल मुलगा सर्वांच्या मागे राहिला. तो शेवटी धापा टाकीत आला तेव्हा मी मोठ्याने म्हटले, "आली बघा आपली मालगाडी!" वर्ग खो खो हसला. मीही हसलो. पुढच्या तासाला त्याच्या पोटात दुखू लागले, त्याच्या पुढच्या तासाला पाय मुरगळला. वर्षभर तो कडुलिंबाखाली इतरांची दप्तरे राखीत बसला. ज्याला व्यायामाची सर्वांत अधिक गरज होती, त्यालाच मी मैदानातून उठवले होते. ही खंत मनात आहे, म्हणूनच आज बोलावयास बसलो आहे.

आता कोणी विचारील, "गुरुजी, हा शहरातला रोग. खेड्यात कुठे आली लठ्ठ मुले?" जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे असे, की १९९० साली जगातल्या ५ ते १९ वर्षांच्या मुलांत लठ्ठ मुले शेकडा २ होती, २०२२ साली ती शेकडा ८ झाली. आपल्या देशात २०१६ ते २०१८ या काळात जी मोठी पोषण पाहणी झाली, तीत किशोरवयातली सुमारे शेकडा ५ मुले वाजवीपेक्षा जड, तर जवळजवळ चौथा हिस्सा वाजवीपेक्षा हडकुळी आढळली. म्हणजे एकाच वर्गात दोन्ही टोके बसलेली असतात.

शिवाय आपल्या लोकांची एक वेगळी अडचण आहे. पुण्याच्या आसपासच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर माता व त्यांची मुले यांचा अभ्यास केला. तेथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली ३.५ किलोंची. पण वजनाने एवढी कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते मांस. अशा अंगकाठीचे मूल पुढे बैठे राहिले आणि खाणे वाढले, तर पोटावर चरबी लवकर साठते आणि मधुमेह तरुणपणीच दार ठोठावतो.

एक खूण आयांनी ध्यानात ठेवावी. स्थूल मुलाच्या मानेवर, काखेत कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी दिसू लागते. आई म्हणते, "मान घासत नाही मेला!" आणि दगडाने घासून घासून मान लाल करते. बाई, तो मळ नव्हे. रक्तातली साखर पेशींत पोचविणाऱ्या इन्शुलिन नावाच्या रसाला शरीर नीट दाद देईनासे झाले, की बहुधा असे होते. मानेला दगड लावू नका. मुलाला डॉक्टरांकडे न्या, साखर व रक्तदाब तपासून घ्या.

व्यायाम नेमका येथेच कामाला येतो. स्नायू राबू लागला, की तो इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतो, आणि हा गुण व्यायाम संपल्यावरही एखादा-दुसरा दिवस टिकतो. म्हणून आठवड्यातून एकदाच मरमर धावण्यापेक्षा रोज थोडे हलणे हिताचे. शिवाय हृदयाचा दम वाढतो, रक्तदाब उतरतो, यकृतातली व आतड्यांभोवतीची चरबी कमी होते, झोप चांगली लागते. आणि मुख्य गोष्ट ही, की वजनकाट्याचा आकडा फारसा हलला नाही तरी हे लाभ होतात. वाढत्या वयात उंची व मांस वाढत असते. काटा पाहून "काही उपयोग नाही" असे म्हणून व्यायाम सोडू नये.

कॅनडातील ओटावा येथे १४ ते १८ वर्षांच्या ३०४ स्थूल मुलामुलींवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. मुलांचे चार गट केले. एकाने चालण्या-धावण्याचा व सायकलीचा व्यायाम केला, दुसऱ्याने वजने उचलण्याचा, तिसऱ्याने दोन्ही, आणि चौथ्याला केवळ आहाराचा सल्ला दिला. तो सल्ला सर्वांनाच होता. बावीस आठवड्यांनी पाहिले, तर नुसत्या सल्ल्याच्या गटात फरक नाममात्र पडला. वजने उचलणाऱ्यांची चरबी स्पष्ट उतरली, आणि दोन्ही व्यायाम करणाऱ्यांची कंबर सरासरी ४ सेंटिमीटरनी घटली. अनेकांना नियमाने येणे मात्र जमले नाही. जे नेमाने आले, त्यांच्यात दोन्ही प्रकार करणारे नुसते धावणाऱ्यांच्या पुढे गेले.

यावरून शिक्षकांनी काय घ्यावे? स्थूल मुलाला आपण नेहमी धावावयास लावतो, म्हणजे ज्यात तो हरणारच ते त्याच्या गळ्यात मारतो. पण जोराच्या कामात हाच मुलगा पुष्कळदा वर्गात पहिला येतो! रस्सीखेच लावा, मातीची पाटी उचलू द्या, बागेला पाण्याच्या बादल्या वाहू द्या. "अरे, याच्यात जोर आहे," असे एकदा वर्गाला दिसले, की त्याची मान वर होते. जोराच्या व्यायामाने उंची खुंटते हा समज खोटा आहे. मात्र वजन बेताचे असावे, पद्धत बरोबर असावी, आणि शिक्षकाचे लक्ष असावे.

यासाठी यंत्रे लागत नाहीत. दंड-बैठका, लेझीम, मल्लखांब हे आपल्याच मातीतले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले होते, ते एका सतरंजीएवढ्या जागेत होतात. जड मुलाने मात्र पायरीपायरीने जावे. पहिले दोन आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटे झपाझप चालावे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढाच वेग धरावा. एक दिवसाआड भिंतीला हात टेकून दंड आणि बाकाला धरून अर्ध्या बैठका, प्रत्येकी आठ-दहा, थोडे थांबून दोनदा कराव्यात. सूर्यनमस्कार चारांपासून सुरू करावेत. मग दर आठवड्याला थोडी भर. दोन-तीन महिन्यांत रोजच्या एका तासापर्यंत पोचता येते. जागतिक आरोग्य संघटनेने या वयाला तेवढेच सांगितले आहे. तो तास एकदम भरावा असेही नाही. शाळेत पायी जाणे, खो-खो, दोरीच्या उड्या, शेतावरची खेप, सारे त्यात धरावे.

दोन धोके सांगतो. व्यायामात छातीत दुखले, घेरी आली, तर तेथेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आणि जड मुलगा किंवा मुलगी लंगडू लागली, जांघेत वा गुडघ्यात दुखते म्हणाली, तर तेल चोळीत बसू नये. या वयात खुब्याच्या हाडाचे टोक जागेवरून सरकू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उशीर झाला तर पाय जन्माचा अधू होतो.

मुलींविषयी दोन शब्द. मुलगी मोठी झाली, की तिचे मैदान सुटते आणि ती घरात बसते. तिचे वजन वाढते, पाळी अनियमित होते, मग उपाय शोधत आपण गावोगाव फिरतो. त्यापेक्षा तिला खेळू द्या. पाळीच्या दिवसांतही तिला बरे वाटत असेल तर व्यायामास हरकत नाही.

खाण्याबद्दल एवढेच, की मुलाला उपाशी ठेवू नका. वाढीचे वय आहे. भाकरी, डाळ, उसळ, भाजी, ताक असू द्या. बाटलीतले गोड पाणी, बिस्किटांचे पुडे आणि वेफर घरात आणू नका. जेवताना मोबाइल बाजूला ठेवा, आणि हा नियम साऱ्या घराने पाळा. एकट्या मुलाच्या ताटावर पहारा बसविला, तर ते चोरून खाऊ लागते.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना हात जोडून सांगणे आहे. वर्गात वजन मोठ्याने वाचू नका. उठाबशा शिक्षा म्हणून देऊ नका. ज्या गोष्टीची आपण शिक्षा केली, तिची गोडी मुलाला कशी लागावी? फेऱ्या मोजावयाच्या तर त्याच्या कालच्या फेऱ्यांशी आजच्या मोजा, शेजाऱ्याच्या फेऱ्यांशी नव्हे.

उद्या कसरतीच्या तासाला आपल्या शाळेतल्या झाडाखाली जरा पाहा. तेथे कोणी दप्तरे राखीत बसले असेल. त्याला हाक मारा, नावाने हाक मारा, आणि दोराचे टोक त्याच्या हाती द्या.