रक्तातील प्रथिने व ऊतींचा सांगाडा



शास्त्रीय विषयावर चार शब्द बोलावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि स्वतःस उमगले ते दुसऱ्यास सांगितल्यावाचून राहवत नाही, ही शिक्षकाची जुनी खोड आहे.

भाजल्याने कातडी जाते, अपघातात हाडाचा तुकडा उडतो, हिरडीखालचे हाड झिजते. अशा जागी सच्छिद्र सांगाडा बसवावा, त्यावर शरीरातील पेशींनी वस्ती करावी व सांगाडा हळूहळू विरून जावा, ही ऊती-अभियांत्रिकीची कल्पना होय. लँगर व व्हॅकान्टी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९३ साली तिची सविस्तर मांडणी केली. दोडक्याच्या वेलास मांडव, तसा पेशींस हा सांगाडा.

परंतु पेशी येण्यापूर्वीच, रक्ताचा स्पर्श होताच काही क्षणांत, रक्तातील प्रथिने सांगाड्यावर थर धरतात. पेशीस प्रथम भेटतो तो हा थर. आपले वाडवडील रंगारी. सुती कापडावर मंजिष्ठेचा रंग नुसता टिकत नाही. आधी तुरटीचा हात द्यावा लागतो, हे त्यांस ठाऊक होते. सांगाडा व पेशी यांच्यामध्ये प्रथिनांचे काम काहीसे तुरटीसारखेच आहे.

प्रथिने चिकटतात कशी? त्यांचे काही भाग पाण्यापासून दूर राहू पाहतात, काहींवर विद्युत्‌भार असतो. पृष्ठभागाशी अशी अनेक ठिकाणी गाठ पडली, की प्रथिन सहजी सुटत नाही. कित्येकदा त्याची घडीही उलगडते. रक्तद्रवात अल्ब्युमिन सर्वांत विपुल, १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ४ ग्रॅम. म्हणून प्रथम त्याची गर्दी होते. मागाहून फायब्रिनोजेनसारखी घट्ट बसणारी प्रथिने त्यास हुसकावतात. ही अदलाबदल डच वंशाचे शास्त्रज्ञ व कवी लिओ व्रोमन यांनी अभ्यासिली. तिला त्यांचेच नाव मिळाले आहे.

थर कोणता बसला, यावर पुढचे सारे अवलंबून असते. फायब्रोनेक्टिनमध्ये तीन अमिनो आम्लांची एक लहानशी साखळी आहे; पेशी तिला धरून स्थिरावते. पियर्शबाखर व रुओस्लाती यांनी १९८४ साली ती ओळखली. अल्ब्युमिनवर मात्र पेशीस पकड मिळत नाही. फायब्रिनोजेन बिंबिकांस धरून ठेवते. त्यामुळे रक्तवाहिनीत गुठळीचे भय असते. म्हणून संशोधक सांगाड्यावर हवे ते प्रथिन आधीच चढवून ठेवतात.

रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून फायब्रिनची जाळी काढण्याची रीत फ्रान्समध्ये शूक्रून यांनी २००१ साली प्रसिद्ध केली. दंतवैद्य ती हिरडीच्या व जबड्याच्या उपचारांत वापरतात. आपल्या जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) लोणीस वैद्यकीय व दंत अशी दोन्ही महाविद्यालये आहेत. ज्ञातीतील मुलामुलींनी तेथे शिकण्याची उमेद धरावी. मंडळाच्या विद्यानिधीने त्यांस हात द्यावा.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. प्रयोगशाळेत पेशी चिकटली म्हणजे रोगी बरा झाला, असे नव्हे. घरात कोणी भाजले वा पायाची जखम चिघळली, तर जाहिरात पाहून जमीन गहाण टाकू नये. ‘हा उपचार किती रोग्यांवर पडताळला आहे?’ असे डॉक्टरांस निःसंकोच विचारावे. ज्ञानाचा पहिला थर हाच. तो नीट बसला, तर पुढचा रंग पक्का.